ट्रॅक डे करून आलो आणि बोनेट-बंपरवर एकतीस टवके: रंग वाचवायचा कसा?

कुर्टीकर | ९ मार्च, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. दोन वर्षं मनात घोळत होतं ते फेब्रुवारीच्या शेवटी केलं. माझी २०१८ ची लाल स्विफ्ट घेऊन कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे करून आलो, म्हणजे आपलीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायचा दिवस. गोव्यातल्या फोंड्याहून किनाऱ्याच्या रस्त्याने मंगळूर, तिथून पालक्काड आणि पुढे कोइमतूर. जाऊन-येऊन दीड हजार किलोमीटर झाले. वीस-वीस मिनिटांची चार सेशन्स मिळाली. चालवण्याबद्दल वेगळा धागा काढेन, तो आनंद इथे दोन ओळींत कोंबायचा नाही.

हा धागा रंगाबद्दल आहे. घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गाडी धुतली. पाणी निथळलं, तिरपं ऊन बोनेटवर आलं आणि माझ्या पोटात गोळा आला. बोटाने चाचपत एकेक टवका मोजला. बोनेट आणि बंपर मिळून एकतीस. बहुतेक तांदळाच्या कणीएवढे, तीन ठिकाणी नख अडकतं. दाराखालची पट्टी आणि मागच्या चाकाच्या पुढचा भाग कानशीने घासल्यासारखा खरखरीत लागतोय. दारांवर रबराचे काळे फराटे आहेत. आणि छपराच्या पुढच्या कडेला, काचेच्या अगदी वर, एकच टवका आहे, मोहरीएवढा, पण थेट पत्र्यापर्यंत गेलेला.

त्या मोहरीने माझी झोप उडवलीय. धुतली त्या दिवशी आत पत्रा चकाकत होता. आठ दिवसांत तिथे तपकिरी ठिपका आला. फोंड्याजवळच्या आमच्या कुर्टीपासून समुद्र लांब, पावसाला अजून तीन महिने, तरी ही गत. जूननंतर काय होईल?

नोव्हेंबरात परत जायचा बेत आहे. एका ठिकाणी पूर्ण गाडीला पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म, लावायचे एक लाख दहा हजार सांगितले, तेवढे माझ्याकडे नाहीत. दुसऱ्या एका ठिकाणी सांगितलं की सिरॅमिक कोटिंग करून घ्या, मग खडी लागली तरी काही होत नाही. हे खरं आहे का? ट्रॅकवर काही जण गाडीला निळी टेप लावून आले होते, ती नुसती टेप पुरते का? आणि सगळ्यात आधी, या मोहरीचं मी काय करू?

---

संदेश_पेडणे | ९ मार्च, रात्री ११.०२

पहिल्या ट्रॅक डेबद्दल अभिनंदन! माझं मत थोडं वेगळं आहे. ट्रॅकवर न्यायची गाडी म्हटल्यावर टवके येणारच. पीपीएफला पैसे घालण्यापेक्षा चांगले टायर, ब्रेक पॅड आणि डॉट ४ ब्रेक ऑइल घ्या. मी पाच वेळा जाऊन आलोय. फक्त टेप लावतो, बाकी जे होईल ते होऊ देतो. ब्रेक दगा देईल तेव्हा रंग वाचवून काय उपयोग?

ब्रेक ऑइलवरून एक सांगतो. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाडी थांबवतात तिथे, ब्रेक ब्लीड करताना (आतली हवा काढताना) ते रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. ग्लायकॉलचं ऑइल रंग फुगवून सोलून काढतं. मित्राच्या फेंडरवर तळहाताएवढा रंग असा गेलेला पाहिलाय.

---

नाना_म्हापसा | १० मार्च, सकाळी ७.२०

कुर्टीकर, मी म्हापशात एकतीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतो. आधी मोहरीचं बोलूया, बाकीचं सावकाश.

गाडीच्या रंगाची जाडी किती असते ते लोकांना ठाऊक नसतं. कंपनीतून आलेल्या गाडीवर पत्र्याच्या वर सगळे थर मिळून साधारण शंभर ते एकशे तीस मायक्रॉन. म्हणजे डोक्याचे दोन केस एकावर एक ठेवलेस तर जेमतेम तेवढं. सगळ्यात खाली गंज अडवणारा थर, तो गाडीचा अख्खा सांगाडा हौदात बुडवून विजेवर चढवतात. त्यावर प्रायमर, मग रंग आणि वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. क्लिअर चाळीस-पन्नास मायक्रॉन. कंपाउंड मारून पॉलिश करतात तेव्हा याच क्लिअरमधून थोडं कापलं जातं, म्हणून दर सहा महिन्यांनी पॉलिश करणाऱ्याला मी हात जोडतो.

आता टवका कुठवर गेलाय ते बघ. आत लालच दिसत असेल तर फक्त क्लिअर उडालंय, त्याला घाई नाही. करडं किंवा पांढुरकं दिसलं तर प्रायमर उघडा पडलाय, महिन्याभरात बुजव. धातू दिसला तर त्याच आठवड्यात. बंपर प्लॅस्टिकचा आहे, तिथे गंजायला काही नाही, तिथलं वर्षाने केलंस तरी चालेल. तुझ्या एकतीसमधले निम्मे बंपरवरचेच असणार. म्हणजे काळजी निम्मी झाली.

मोहरीला गंज चढलाय. तो तसाच ठेवून वर रंग लावलास तर पावसाळ्यात आतून फुगा येईल आणि सप्टेंबरात एक रुपयाच्या नाण्याएवढा रंग उचलला जाईल. तेव्हा हजार नंबरचा वॉटर पेपर घे, बारीक गुंडाळून टोक कर आणि फक्त ठिपक्यातच फिरव. तपकिरी पूर्ण जाऊन पत्रा उजळ दिसला पाहिजे. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस आणि वाळू दे. त्यावर इपॉक्सी प्रायमरचा थेंब, टूथपिकच्या टोकाने. ब्रश नको, बाटलीच्या झाकणातला ब्रश टवक्यापेक्षा चौपट मोठा असतो. प्रायमर पुरता सुकला की रंगाचा थेंब. तो सुकला की खाली बसतो, मग दुसरा. शेवटी क्लिअर, बाजूपेक्षा किंचित वर राहील एवढा. आठवड्याने दोन हजारच्या पेपरने पाण्यासकट अलगद सपाट कर आणि कंपाउंड मार. रंगाचा कोड गाडीवरच्या प्लेटवर असतो, तो दाखवूनच रंग घे. नुसतं 'लाल' सांगून आणलेला रंग उन्हात वेगळा दिसतो.

हे सगळं मार्च-एप्रिलमध्येच उरक, सकाळी दव वाळल्यावर. जुलैत हवेतल्या ओलाव्याने क्लिअर दुधाळ पडतं. आमच्याकडे दिव्याची खोली आहे म्हणून निभावतं, तुझ्या अंगणात नाही निभावणार.

---

मीनल_डिचोली | १० मार्च, दुपारी ४.४०

मी उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवते, आणि गाडी स्वतःच धुते. कुर्टीकर, सिरॅमिकच्या दाव्याबद्दल लिहिते, कारण तो ऐकला की मला राग येतो. माणसं विश्वासाने पैसे मोजतात.

सिरॅमिक कोटिंग म्हणजे मुख्यतः सिलिका बांधलेला थर. जाडी फार तर एक-दोन मायक्रॉन. नानांनी क्लिअर चाळीस-पन्नास मायक्रॉन सांगितलं, तेवढा थर खडीने फुटतो तर त्यावरचा एक मायक्रॉन काय अडवणार? जाहिरातीतलं '९ एच' म्हणजे पेन्सिलच्या कठीणपणाची चाचणी, त्याचा दगडाच्या माऱ्याशी संबंध नाही. सिरॅमिकचे खरे गुण वेगळे आहेत. पाणी टिकत नाही, मळ घट्ट बसत नाही, पक्ष्यांची विष्ठा आणि मेलेले किडे लवकर निघतात, ब्रेकची भुकटी सहज धुतली जाते. त्यासाठी जरूर करा. खडीसाठी नको.

आता खडी एवढी का लागते ते बघा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किलोमीटरला जो खडा बोनेटवर आपटतो, तोच १५० ला आपटला तर वेग अडीचपट, पण ऊर्जा सव्वासहापट. रस्त्यावर नुसता टक् असा आवाज येतो, ट्रॅकवर टवका उडतो.

आणि गंज. लोखंडाला गंजायला पाणी आणि प्राणवायू लागतो, मीठ असलं की ते काम झपाट्याने होतं. गोव्यात हवेला कधी कोरडेपणा येतच नाही. किनाऱ्यापासून आत असलात तरी तुम्ही परवा मंगळूरच्या रस्त्याने आलात, समुद्राचा खारा वारा मैलोन्मैल घेत. टवका कोइमतूरला पडला असेल, मीठ वाटेत बसलं. त्यातून गंजाचं आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त असतं, म्हणून तो रंगाच्या खाली शिरत कडा उचलत जातो. वरून मोहरी दिसते, आत वाटाणा असू शकतो. नाना म्हणतात तसं पूर्ण उजळ होईपर्यंत घासा.

आमच्या भागाची आणखी एक तऱ्हा आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खाणी थांबल्या, तोवर इथल्या गाड्यांवर लाल भुकटी रोजची होती. आजही ट्रक गेला की ती बसतेच. त्यात लोहखनिज असतं. ही धूळ कोरड्या फडक्याने कधीही पुसू नका, तो वॉटर पेपरच समजा. नेहमी आधी पाणी, मग फेस, आणि पुसणं सगळ्यात शेवटी.

---

अभि_बेळगाव | १० मार्च, रात्री ९.३०

मी बेळगावहून चेन्नईच्या ट्रॅकवर जातो. इरुंगट्टुकोट्टईचा, ३.७ किलोमीटरचा, हल्ली त्याला मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात. आमच्या घरात गोव्याची बरीच मंडळी, म्हणून इथे डोकावतो.

कुर्टीकर भाऊ, टवके कुठून आले ते नीट ओळखा, म्हणजे पैसे कुठे घालायचे ते आपोआप कळेल. बोनेट, बंपर, आरसे आणि काचेवरच्या कडेचं नुकसान पुढच्या गाडीने केलं. दाराखालचं आणि मागच्या चाकापुढचं नुकसान तुमच्या स्वतःच्या पुढच्या चाकांनी केलं. ट्रॅकवर टायर तापून चिकट होतो, वाटेतली प्रत्येक खडी उचलतो आणि चाक अर्धं फिरेतो मागे भिरकावतो. त्यात चाक वळवलेलं असलं की थेट सिलवर, म्हणजे दाराखालच्या पट्टीवर, मारा. मडफ्लॅप होते का? अनेक जण 'स्पोर्टी' दिसावं म्हणून काढून टाकतात. ते परत लावा. चार फ्लॅपच्या किमतीत एवढं संरक्षण दुसरं कुठलं नाही.

पुढच्या गाडीपासून वाचायचं तर अंतर ठेवा. ती कडेच्या मातीत उतरून परत ट्रॅकवर आली की पुढची दोन वळणं तिच्या मागे राहू नका. ती पोतंभर खडी घेऊन आलेली असते. आणि रेसिंग लाइनच्या, म्हणजे सगळे गाड्या नेतात त्या ठरलेल्या वाटेच्या, बाहेर टायरांच्या रबराच्या गोळ्या साठतात, तिथून गेलात की त्या चाकाला चिकटतात आणि मग तुमच्याच दारावर फटके मारतात. तुमचे काळे फराटे त्यांचेच. ते टार रिमूव्हरने निघतात. फडक्यावर घेऊन दोन मिनिटं धरायचं, घासायचं नाही.

आता टेप. मी सात वर्षं टेपवर काढली, तेव्हा हे नीट सांगतो.

रंगकाम करताना वापरतात ती निळी पेंटर्स टेप घ्या, रुंद, निदान दोन इंची. हार्डवेअरच्या दुकानातली पिवळी मास्किंग टेप उन्हात भाजली की कागद हातात येतो आणि डिंक गाडीवर राहतो. टेप ट्रॅकवर पोचल्यावरच लावायची, घरून लावून आठशे किलोमीटर उन्हात जायचं नाही. आधी गाडी धुऊन कोरडी करायची, नाहीतर टेपखाली अडकलेली धूळ दिवसभर थरथरत रंग घासत राहते.

लावायची दिशा महत्त्वाची. कौलं शाकारताना आपण वळचणीकडून आढ्याकडे जातो आणि वरचं कौल खालच्यावर चढवतो, म्हणजे पाणी फटीत शिरत नाही. इथे पाण्याच्या जागी वारा. बोनेटच्या मागच्या टोकाकडून सुरू करून बंपरकडे या, प्रत्येक पुढची पट्टी मागच्या पट्टीच्या कडेवर अर्धा इंच चढवा. उलटं केलंत तर दुसऱ्या फेरीत वारा कडेखाली शिरतो आणि सगळी टेप चाबकासारखी फडफडते. जाळीवर, रेडिएटरसमोर, ब्रेकला हवा जाते त्या भोकांवर टेप चुकूनही नको. कधी काळी परत रंगवलेला पॅनेल असेल तर त्यावरही नको, टेपबरोबर रंग उठून येतो.

शेवटचं सेशन संपलं की गाडी जराशी निवू द्या. कोमट असतानाच टेप काढा, हळूहळू, स्वतःवर दुमडत. रात्रभर ठेवली की सकाळी डिंक खरवडत बसावं लागतं.

टेप बारीक खडीला आणि रबराला पुरते. मोहरी पाडणाऱ्या खड्याला नाही पुरत.

---

दत्तप्रसाद_मडगाव | ११ मार्च, सकाळी ११.०५

विषयाला थोडं सोडून, पण सांगणं गरजेचं आहे. मी विम्याच्या कामात आहे. आपल्याकडच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. आयोजित शर्यत, पेस मेकिंग, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल यांसाठी गाडी वापरली तर विमा लागू नाही. ट्रॅकवर बंपर फुटला तर खर्च तुमचा. आणि तो रस्त्यावर फुटला असं लिहून देऊ नका. खोटा दावा उघडकीस आला की पुढचं सगळं अवघड होतं, असे लोक मी पाहिलेत.

आणखी एक. रंगीत रॅप लावून गाडीचा रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद करावी लागते. पारदर्शक फिल्मला तो प्रश्न नाही.

---

कुर्टीकर | ११ मार्च, रात्री १०.५०

तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, काय बोलू? नाना, आज संध्याकाळी भिंग आणि टॉर्च घेऊन परत मोजणी केली. एकतीसपैकी सतरा बंपरवरचे. बोनेटवरच्या चौदांत अकरांच्या आत लाल दिसतं, तिघांत करडं. पत्र्यापर्यंत गेलेली एकटी मोहरीच. दोन दिवस छातीवर बसलेलं ओझं उतरलं.

अभि भाऊ, मडफ्लॅप मीच काढले होते. उद्याच लावतो.

संदेशभाऊ, तुमचं ब्रेकचं म्हणणं पटतं, पॅड आणि ऑइल बदलूनच जाणार. पण ही गाडी माझी रोजचीही आहे. हिनेच मी आईला दवाखान्यात नेतो, हिनेच चवथीला गावी जातो. बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून अर्धी रक्कम घातली होती. तिच्यावर गंज चढताना बघवत नाही.

आता प्रश्न एवढाच की अर्धवट पीपीएफ लावण्यात अर्थ आहे का? आणि असेल तर कुठे?

---

रेश्मा_पर्वरी | १२ मार्च, दुपारी १.१५

आहे, नक्कीच आहे. मी फिल्म लावायचंच काम करते, सहा वर्षं झाली. आमच्या दुकानाचं नाव लिहीत नाही, इथे धंदा करायला आले नाही.

ही फिल्म मुळात गाड्यांसाठी नव्हती. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळू-खडीने झिजू नयेत म्हणून असली पॉलियुरेथेनची फिल्म पुढे आली. म्हणजे तिचं मूळ कामच दगड झेलणं. आजची चांगली फिल्म टीपीयूची (थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची) असते, जाडी दीडशे ते दोनशे मायक्रॉन. तुमच्या सगळ्या रंगापेक्षा जाड, आणि मऊ. खडा आपटला की ती दबते, धक्का पसरवते आणि परत वर येते. वरचे बारीक ओरखडे गरम पाणी ओतलं की तुमच्या डोळ्यांदेखत भरून येतात. पहिल्यांदा पाहाल तेव्हा हात लावून बघाल. पण हे फक्त वरच्या थरातल्या ओरखड्यांचं. फिल्म फाटली तर ती भरत नाही.

स्वस्तात मिळते म्हणून पीव्हीसीची घेऊ नका. ती आपल्या उन्हात पिवळी पडते, कडक होते, आणि काढताना तुकडे तुकडे होऊन येते. विचारताना सरळ विचारा, टीपीयू आहे का, आणि नमुन्याचा तुकडा ओढून बघा. टीपीयू रबरासारखी ताणून परत येते.

ट्रॅकसाठी मी सांगेन ते असं. बंपर पूर्ण. बोनेट पूर्ण, अर्धं नको. अर्ध्यावर फिल्मची कड येते, तिथे मळाची रेघ बसते आणि दोन वर्षांनी बोनेटला आडवा पट्टा दिसतो. छपराच्या पुढच्या कडेला चार-पाच इंचांची पट्टी, काचेच्या दोन्ही बाजूच्या खांबांना, आरशांच्या पाठीला. मग दाराखालची सिल आणि मागच्या चाकापुढचा भाग. हेडलाइटलाही लावा, पॉलिकार्बोनेटवर खडीचे डाग पडून प्रकाश धुरकट होतो. दारं, छप्पर, डिकी सोडून द्या. स्विफ्टएवढ्या गाडीला एवढं काम पूर्ण गाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्शात बसावं.

लावणारा निवडताना त्याला विचारा, फिल्म कुठे कापणार? मशीनवर गाडीच्या मापाने कापून आणत असेल तर उत्तम. गाडीवर ठेवून ब्लेडने कापत असेल तर त्याचा हात किती स्थिर आहे त्यावर तुमचा रंग अवलंबून. फिल्म काढल्यावर बोनेटच्या कडेने ब्लेडची अखंड रेघ पत्र्यापर्यंत गेलेली मी पाहिलीय. तुमचा अख्खा धागा एका मोहरीवर आहे, ती तर चार फुटांची मोहरी.

नाना सांगतात ते टच-अप आधी पूर्ण करा आणि निदान महिनाभर सुकू द्या. ताज्या रंगावर फिल्म लावली की आतलं थिनर बाहेर पडायला वाट राहत नाही. टवक्यावर तशीच लावली तर तो फिल्मखाली आणखी ठळक दिसतो.

शक्यतो मे महिन्यातच लावून घ्या. लावताना खाली साबणाचं पाणी मारावं लागतं, ते रबरी पात्याने काढलं तरी थोडं राहतंच. उन्हाळ्यात आठवड्यात उडून जातं. पावसात तेच बुडबुडे तीन-तीन आठवडे दिसतात आणि गिऱ्हाईक रोज फोन करतं. लावल्यावर आठवडाभर धुवायची नाही, आणि पुढे कधीही प्रेशर वॉशरचा फवारा कडेवर जवळून मारायचा नाही.

---

संदेश_पेडणे | १२ मार्च, रात्री ८.१०

कुर्टीकर, बाबांच्या पैशाचं वाचलं. तुमच्या जागी मीही लावली असती. माझी ट्रॅकची गाडी वेगळी आहे, तिला मी टेपच लावत राहीन. माझं तेच मत आहे, पण तुमच्या गाडीला ते लागू नाही.

---

मीनल_डिचोली | १२ मार्च, रात्री ९.००

रेश्मा, छान लिहिलंस. फिल्म लावायच्या आधीची एक पायरी राहिली, ती जोडते. ट्रॅकवर ब्रेक पॅडमधून आणि डिस्कमधून लोखंडाचे तापलेले कण उडतात आणि रंगात रुततात. धुऊनही हात फिरवला की खरखर लागते, पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसतात. त्यांच्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. फवारला की लोखंडाशी संयोग होऊन जांभळा रंग ओघळू लागतो. सावलीत, गार पत्र्यावर, आणि वाळायच्या आत धुवायचा. वास कुजक्या अंड्यासारखा येतो, नाकाला फडकं बांधा. त्यानंतर क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ वडी, भरपूर साबणपाण्यासोबत. हे न करता फिल्म लावली तर ते कण खाली कायमचे बंद होतात.

---

कुर्टीकर | २ जून, सायंकाळी ६.३०

थोडं उशिरा कळवतोय. मोहरी नानांनी सांगितलं तशी केली. पेपर फिरवला तर मीनलबाई म्हणाल्या ते खरं निघालं, आत गंज दुप्पट पसरलेला होता. उजळ पत्रा दिसायला वीस मिनिटं लागली. रंगाचे तीन थेंब आणि क्लिअरचे दोन. आता माहीत नसलेल्याला शोधूनही सापडत नाही. बोनेटवरचे तीनही बुजवले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात रेश्माताईंनी सांगितलेल्या जागांवर टीपीयू लावून घेतली, मशीनवर कापलेली. अडतीस हजार झाले, हेडलाइट धरून. मडफ्लॅप चारही परत लागले. काल पहिला मोठा पाऊस झाला आणि मी छत्री घेऊन बोनेटकडे बघत उभा होतो.

---

अभि_बेळगाव | ३ जून, सकाळी ८.००

झकास. पण फिल्म लावली म्हणून टेप सोडू नका. सिलवर फिल्मच्या वरून टेप लावा, ट्रॅकवर तिथला मारा सगळ्यात वाईट. आणि कधी बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ल्याच्या घाटातून आलात तर ट्रकच्या मागे चिकटू नका. माझे अर्धे टवके ट्रॅकवरचे नाहीतच, त्या घाटातले आहेत.

---

कुर्टीकर | २४ नोव्हेंबर, रात्री ९.४५

परवा दुसरा ट्रॅक डे करून आलो, कोइमतूरच. या वेळी पाच सेशन्स. टेप कौलासारखी लावली, एकही पट्टी उठली नाही. शेजारच्या एका मुलाची दुसऱ्याच फेरीत उठली, त्याला दुपारी लावून दिली.

आज सकाळी धुऊन, भिंग घेऊन मोजलं. बोनेटच्या फिल्मवर चार खळगे आहेत, त्यांतला एकही रंगापर्यंत गेलेला नाही. बारीक ओरखडे होते, पितळेच्या तपेल्यात पाणी तापवून ओतलं आणि आईला बोलावून दाखवलं. ते जाताना तिने स्वतः पाहिले. छपराच्या पट्टीवर, मोहरीच्या जागेपासून वीतभर अंतरावर, एक खडा चांगला जोरात बसलाय, फिल्म पांढरी पडलीय पण फाटलेली नाही. गेल्या खेपेला तिथे फिल्म नव्हती.

एक ठिकाण मात्र सुटलं. उजव्या मागच्या दाराची खालची कड, जिथे सिलची फिल्म संपते. तिथे करड्यापर्यंत गेलेले दोन टवके, आणि तिसऱ्यात मला पत्र्यासारखं काहीतरी चमकताना दिसतंय. जागा वाकडी आहे, कडेवरच आहे, पेपर नीट फिरत नाही. नाना, हे मी स्वतः करू की नको?

---

नाना_म्हापसा | २४ नोव्हेंबर, रात्री १०.२०

दाराची कड तू हात लावू नकोस. तिथे दोन पत्रे दुमडून एकत्र येतात, आत पाणी राहतं आणि गंज आतूनच धरतो. ती जागा सीलरने भरावी लागेल. आज रात्री फडक्याने कोरडी कर आणि वर टेपचा छोटा तुकडा लाव, दव बसायला नको. उद्या सकाळी आठला गाडी घेऊन ये, ऊन चढायच्या आत प्रायमर घालूया.